ब्रॅनॉकच्या तळ्याला दोन टोकं

ब्रॅनॉकच्या तळ्याला पाणी चढलं, हे सगळ्या गावाने उघड्या डोळ्यांनी पाहिलं. डोळे तसे अर्धेच उघडे होते, कारण उत्तरेकडून भट्टीतून यावा तसा वारा सुटला होता आणि त्यात निम्मी धूळ होती. पण पाहिलं, हे खरं.

होडी क्लबच्या धक्क्यापाशी पाण्यात एक पांढरा खांब आहे. त्यावर काळ्या रेघा आहेत. तळ्यात पाणी किती, हे गाव त्या खांबावर वाचतं. सकाळी पाणी सगळ्यात खालच्या रेघेला कसंबसं टेकलेलं होतं. मिस्टर लायनेल स्क्रिव्हन विजार गुडघ्यापर्यंत वळून पाण्यात उतरले, दोन्ही हातांत तांब्याची एकेक वाकडी कांडी धरली, डोळे मिटले आणि पुटपुटायला लागले. दुपारपर्यंत ते पुटपुटत होते. दुपारी पाणी चांगलं वीतभर वर होतं.

ब्रॅनॉकमध्ये कुणी कुणाला मिस्टर म्हणत नाही. पाद्र्यालासुद्धा नावाने हाक मारतात. पण हा पाणाड्या आल्यापासून दोन महिन्यांत सगळ्यांच्या तोंडी मिस्टर स्क्रिव्हन बसलं होतं.

"मी पाणी आणत नाही, मित्रांनो," मिस्टर स्क्रिव्हन डोळे न उघडता म्हणाले. "मी फक्त विनंती करतो. खाली शिरा आहेत. पृथ्वीमातेच्या शिरा. इतकी वर्षं तुम्ही तिच्याशी समितीच्या भाषेत बोललात. आईशी कुणी ठराव करून बोलतं का?"

कुणीच बोलत नाही, असं लोकांना पटलं. काहींनी माना डोलावल्या. एका बाईंनी रुमाल डोळ्यांना लावला, पण तो धुळीमुळेही असेल.

गर्दीच्या कडेला हेस्टर ट्रेंबाथ टोपी डोक्यावर दाबून उभी होती. हेस्टर गुरांची डॉक्टर. तिची पंचाईत अशी झाली होती की पाणी खरोखरच चढलं होतं. थाप असती तर तिने तिथल्या तिथे उघडी पाडली असती. इथे खांब डोळ्यांसमोर होता आणि रेघा एकामागून एक पाण्याखाली जात होत्या.

त्यातच धक्क्याशेजारच्या चिखलात रुतून बसलेली क्लेम हार्ग्रेव्हची होडी हलली. आधी नुसती कुरकुरली, मग तिचा मागचा भाग उचलला गेला आणि ती डोलायला लागली. क्लेम क्लबचा अध्यक्ष, वयाने ऐंशीच्या पुढे. होडीवर 'ऑड्रे' असं निळ्या अक्षरांत लिहिलेलं होतं. ते त्याच्या बायकोने स्वतःच्या हाताने रंगवलं होतं आणि ती गेल्यापासून होडी चिखलातून हललेली नव्हती. क्लेम बुटांसकट पाण्यात शिरला, होडीत चढून बसला आणि तिच्या कडेवर हात ठेवून ढसाढसा रडला. हे पाहून हेस्टरने टोपी डोळ्यांवर ओढून घेतली. आपल्यालाही रडू येतंय, याचा तिला राग आला.

या स्क्रिव्हनशी तिची गाठ आधी एकदा पडली होती. आल्या आल्या त्याने क्लबात तळ्याच्या गढूळ पाण्याची बरणी ठेवली, तांब्याच्या काडीने ढवळली, चिमूटभर 'पूर्वजांचं मीठ' टाकलं आणि पाणी नितळ करून दाखवलं. हेस्टरने दुसऱ्या दिवशी तशीच बरणी आणली, खिशातून तुरटी काढली, कुटून टाकली आणि सर्वांदेखत पाणी नितळ केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. डॉक्टरच्याही हाताला थोडा गुण आहे म्हणाले. हेस्टरने कपाळावर हात मारून घेतला होता.

बरणीचं एकवेळ सोडून देता आलं असतं. तळ्याचं सोडता येत नव्हतं. काही वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात तळं आटून हिरवं झालं, रंगाच्या डब्यासारखं हिरवं, आणि ते पाणी प्यायलेली कुत्री हेस्टरच्या दवाखान्यातल्या टेबलावर तडफडून मेली. एकालाही ती वाचवू शकली नाही. तेव्हापासून तिने एकच ध्यास घेतला. तळ्याच्या वरच्या टोकाला, उत्तरेला, गोठेवाले. खालच्या टोकाला गाव आणि क्लब. मध्ये नगरपालिका. हे तिघे एकमेकांचं तोंड बघत नसत. हेस्टरने त्यांची समिती करून त्यांना एका टेबलाशी बसवलं. निम्मं काम तिने चहाच्या कपावर केलं आणि निम्मं अडलेल्या गाईंच्या मागे खांद्यापर्यंत हात घालून, कारण तेव्हा गोठेवाला कुठे पळून जाऊ शकत नाही. शेवटी करार झाला. गोठेवाल्यांनी ओढ्याला कुंपण घालून गाई बाहेर ठेवायच्या आणि ऐन उन्हाळ्यात ओढ्यावरचे पंप बंद ठेवायचे. क्लबाने मोटारबोटी उथळ पाण्यात न्यायच्या नाहीत, कारण त्या तळाचा गाळ ढवळतात. नगरपालिकेने गावाचं सांडपाणी थेट तळ्यात न सोडता वेताच्या बनातून गाळून सोडायचं. सगळ्यांनी कुरकुरत सह्या केल्या होत्या. कुरकुरत का होईना, पाळतही होते.

आता स्क्रिव्हन म्हणत होता की यातलं काही करायची गरज नाही. कुंपणं काढा, पंप लावा, बोटी पळवा. पाणी खालून येईल. फक्त समिती मोडा, वेत लावायला जमवलेला निधी माझ्याकडे द्या आणि मला जलपालक नेमा. गावाला हे पसंत पडलं. फुकटात मिळणारी गोष्ट खरी असावी, असं माणसाला मनापासून वाटतं. कराराचं काय करायचं ते मतांनी ठरणार होतं, आणि मतं घ्यायच्या आधी मिस्टर स्क्रिव्हन पुन्हा एकदा पाणी चढवून दाखवणार होते.

त्या संध्याकाळी दक्षिणेकडून गार वारा आला. या भागात तापल्या दिवसाचा शेवट असाच होतो. लोक खिडक्या उघडून हुश्श करतात आणि झोपतात. सकाळी क्लेम धक्क्यावर गेला तर होडी पुन्हा चिखलात. स्क्रिव्हनने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि गर्दीत कुणीतरी शंका घेतली, शंकेने पाणी दचकतं, असं हळुवारपणे सांगितलं. सगळ्यांनी हेस्टरकडे पाहिलं.

त्याच सकाळी डर्क व्हेनेमा तिच्या दवाखान्यात शिरला. वरच्या टोकाचा सगळ्यात मोठा गोठा त्याचा, आणि तोंडही सगळ्यात मोठं. त्याने दार आपटलं, टेबलावरचं मांजर पळालं.

"तुमच्या गावाने काल माझं पाणी चोरलं," तो म्हणाला. "माझ्या काठापासून पाणी पार आत गेलं. कासवं उघडी पडली. खाली कसला पंप बसवलाय ते सांग, नाहीतर माझं कुंपण आजच उपटतो."

हेस्टर त्याला बस म्हणणार होती, ते राहूनच गेलं.

"किती वाजता गेलं पाणी?"

"दुपारी. मी काय घड्याळ लावून बसलो होतो? वाऱ्याने वासरांच्या गोठ्याचा पत्रा उडाला, तो आणायला गेलो तेव्हा दिसलं."

"आणि आज सकाळी?"

डर्क थोडा अडखळला. आज सकाळी जागच्या जागी होतं. रात्री गुपचूप परत सोडलं असेल, म्हणाला. भीती वाटली असेल.

हेस्टरने कपाटातून केक भाजायची पसरट थाळी काढली, तिच्यात बोटभर पाणी ओतलं आणि एक कड उचलली. पाणी समोरच्या कडेला जमलं, हातातल्या बाजूला थाळीचा तळ उघडा पडला. मग तिने कड खाली ठेवली आणि पाणी सारखं झालं. डर्कने थाळीकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"तळं कोण उचलणार?" त्याने विचारलं.

"उचलायला नको. ढकललं तरी पुरे. आपलं तळं लांबच्या लांब आणि खोली कमरेएवढी. उत्तरेचा वारा दिवसभर पाण्याच्या पाठीवर रेटत राहिला तर पाणी जाणार कुठे? खाली साचणार. जेवढं आमच्याकडे चढलं, तेवढं तुझ्याकडून गेलं. वारा फिरला की परत."

डर्कने यावर बराच विचार केला. मग त्याने नेमका प्रश्न विचारला. असं असेल तर आजवर कुणाला दिसलं कसं नाही? पिढ्यान् पिढ्या लोक या तळ्यावर राहतात.

याचं उत्तर हेस्टरला सापडलं तेव्हा ती स्वतःशीच हसली. उत्तरेचा असा वारा सुटला की त्या दिवशी आगबंदी. उघड्यावर काडी ओढायची नाही. निम्मं गाव अग्निशमन दलाच्या शेडमध्ये गाडीपाशी बसतं, उरलेलं, ठिणगी पडली तर विझावी म्हणून घराच्या पन्हळी पाण्याने भरून, पडदे ओढून आत. क्लबला कुलूप. होडीला कुणी हात लावत नाही. खांबावरचं पाणी वाचायचं ते रविवारी सकाळी, वारा पडलेला असताना. म्हणजे ज्या दिवशी तळं हालतं, नेमक्या त्याच दिवशी या गावात कुणीच तळ्याकडे बघत नाही. सगळे आगीकडे बघत असतात. स्क्रिव्हन बाहेरचा. त्याने बघितलं.

"म्हणून कालच्या आधी त्याने दोनदा तारीख पुढे ढकलली," हेस्टर म्हणाली. "तळ्याची इच्छा नाही म्हणाला होता. दोन्ही दिवशी पान हलत नव्हतं."

ती त्याच दुपारी क्लेमकडे गेली. त्याच्या स्वयंपाकघरात थाळी मांडली, कड उचलून दाखवली. क्लेमने नीट ऐकून घेतलं. मग म्हणाला, "पोरी, मी होडीत बसलो होतो. ती माझ्याखाली हलली. ऑड्रे असताना हलायची तशीच हलली. तू थाळी आत ठेव."

हेस्टरने थाळी पिशवीत आत ठेवली. वाद घालायला ती आली होती, पण ऑड्रेचं नाव निघाल्यावर तिने तो घातला नाही. निघताना दारात ती एवढंच म्हणाली, की पाणी खालून येत असेल तर ते डर्कच्या टोकालाही चढेल. तिथे डर्कने खांब रोवलाय, तसाच पांढरा, तशाच रेघा मारलेला. त्या दिवशी तिथे उभं राहून कुणीतरी वाचायला हवं. डर्कने वाचलं तर गाव मानणार नाही आणि मी वाचलं तर मुळीच नाही.

"म्हणजे मी," क्लेम म्हणाला.

"तुझी होडी उचललेली तुला दिसणार नाही. ते मला कळतं. पण तू सांगशील ते सगळे ऐकतील."

क्लेमने दार लावून घेतलं.

मिस्टर स्क्रिव्हननी दिवस ठरवायला नकार दिला. तळं भेटीची वेळ देत नसतं, म्हणाले. हेस्टरने डर्कला सांगून ठेवलं, हवामानाच्या बातम्या ऐकत राहा, तळ्याचा निरोप तिथेच येईल. आणि तसंच झालं. बुधवारी रात्री रेडिओवर उद्या उत्तरेचा जोराचा वारा आणि आगबंदी असं सांगितलं. गुरुवारी उजाडताच तळ्याने स्क्रिव्हनला बोलावलं.

धक्क्यावर पुन्हा गर्दी झाली. या वेळी अग्निशमनवालेही पिवळ्या कोटात तिथेच होते, त्यांची गाडी मागे उभी होती. दलाच्या दोन शेड आहेत, एक गावात, एक वरच्या टोकाला, आणि दोन्हीकडच्या गाड्यांत बोलायला वायरलेस. हेस्टर दलात होतीच. तिने गाडीतला कर्णा मोठा केला आणि वायरलेस हातात घेतला.

पाणी चढायला लागलं. एक रेघ बुडाली, मग दुसरी. टाळ्या पडल्या. स्क्रिव्हनच्या कांड्या थरथरायला लागल्या. "शिरा उघडल्या," तो म्हणाला. "आई हसतेय."

हेस्टरने बटण दाबलं. "क्लेम, वरच्या टोकाला काय?"

कर्ण्यातून वाऱ्याचा घोंगावणारा आवाज आला. मग क्लेमचा. "एक रेघ खाली गेलंय."

लोकांनी एकमेकांकडे बघितलं. क्लेम इथे का नाही, हे आत्ता कुठे त्यांच्या ध्यानात आलं. स्क्रिव्हन मात्र गडबडला नाही. अशी माणसं गडबडत नाहीत, ती त्यांची पोटापाण्याची विद्या असते. गोठेवाल्यांची श्रद्धा कमी, जिथे श्रद्धा कमी तिथे शिरा बंद, असं त्याने समजावलं. काहींना तेही पटलं.

तिसरी रेघ बुडाली तेव्हा कर्णा पुन्हा बोलला. "इथे तीन रेघा उघड्या पडल्यात. पुढे नुसता चिखल. डर्कची एक गाय कुंपण ओलांडून त्यात जाऊन उभी राहिलीय." मागून डर्कच्या शिव्या ऐकू आल्या, गाईला होत्या.

या वेळी कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. 'ऑड्रे'चा मागचा भाग उचलला गेला. होडी चिखलातून सुटली आणि डोलायला लागली. लोक तिच्याकडे बघत होते, खांबाकडे कुणी बघत नव्हतं.

"हेस्टर," कर्ण्यातून क्लेम म्हणाला. आवाज बदललेला होता. "माझी होडी हलतेय का?"

हेस्टरला खोटं बोलावंसं वाटलं. क्षणभर फार वाटलं. "हलतेय, क्लेम," ती म्हणाली.



"मग ते पाणी इथलं आहे," क्लेम म्हणाला. "हे माझ्या डोळ्यांसमोरून तिकडे गेलं. खालून वगैरे काही आलेलं नाही. सगळ्यांना ऐकू जातंय ना?"

सगळ्यांना ऐकू गेलं होतं. हेस्टरला फार बोलावं लागलं नाही. तिने वाऱ्याकडे हात केला, लांबट तळ्याकडे हात केला, आणि थाळीची गोष्ट चार वाक्यांत सांगितली. मग ती स्क्रिव्हनकडे वळून म्हणाली, "मिस्टर स्क्रिव्हन, गाडी तयार आहे. तुम्हाला डर्कच्या टोकाला नेते. याच वाऱ्यात तिथे एक बोटभर पाणी चढवून दाखवा. मी स्वतः करार फाडते."

स्क्रिव्हनने कांड्या पुसल्या. तळं थकलंय, म्हणाला. जबरदस्ती केलेली आईला आवडत नाही. मागून कुणीतरी विचारलं, मग वारा नसलेल्या दिवशी चढवता का, रविवारी सकाळी? त्यावर तो म्हणाला की रविवारी त्याला दुसरीकडे बोलावणं आहे. आता मात्र हशा पिकला. त्या हशात त्याने दुमडलेली विजार खाली सोडली, बूट हातात घेतले आणि क्लबातली आपली बॅग आणायला गेला. कांड्या तेवढ्या बरोबर घेतल्या.

संध्याकाळी गार वारा आला. या वेळी कुणी झोपायला गेलं नाही. सगळे धक्क्यावर उभं राहून रेघा एकेक करून पाण्याबाहेर येताना बघत राहिले, आणि दर रेघेला कर्ण्यातून डर्क ओरडून सांगत होता की त्याच्याकडे चढतंय. "डर्क, तुझी श्रद्धा वाढली वाटतं," कुणीतरी वायरलेसवर म्हणालं. डर्कने काय उत्तर दिलं ते लिहिण्यासारखं नाही.

मतं त्याच रात्री अग्निशमन दलाच्या गावातल्या शेडमध्ये घेतली. डर्क क्लेमला गाडीतून घेऊन आला. दोघांचेही पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेले होते. हेस्टर उभी राहिली. तिने भाषण तयार केलं होतं, ते तिला आठवेना.

"मला एवढंच म्हणायचंय," ती म्हणाली. "आपल्याला पाणी चढलेलं दिसलं, ते खरंच चढलं होतं. डोळ्यांनी आपल्याला फसवलं नाही. फसलो ते एकाच टोकाला उभं राहिल्यामुळे. यापुढे कुणी चमत्कार दाखवला तर टाळ्या वाजवायच्या आधी दुसऱ्या टोकाला फोन करा. आमच्याकडे आलं, मग कुणाकडून गेलं, एवढं विचारा. वाऱ्याने पाणी हलतं, वाढत नाही. वाढायचं तर ओढ्यातून यायला लागतं, आणि ओढ्यावर पंप कुणाचे आहेत ते आपल्याला माहीत आहे."

डर्कने छताकडे पाहिलं.

क्लेमने हात वर केला. मत द्यायला नाही, विचारायला. "खरंखुरं पाणी कधी येईल? माझी होडी तरंगेल असं?"

 हेस्टरला काहीतरी चांगलं सांगता आलं असतं. "हिवाळ्यातला पाऊस बरा झाला आणि सगळ्यांनी करार पाळला तर तीन-चार हिवाळे लागतील," ती म्हणाली. "कदाचित जास्त. मी नक्की सांगू शकत नाही, क्लेम."

"त्याने तर दुपारपर्यंत दिलं होतं."

"हो."

"आणि रात्री परत नेलं." क्लेमने चिखलाचे हात विजारीला पुसले. ऐंशी ओलांडलेल्या माणसाला तीन-चार हिवाळे म्हणजे काय, हे शेडमध्ये सगळ्यांना कळत होतं आणि कुणी त्याच्याकडे बघत नव्हतं. मग त्याने पुन्हा हात वर केला. करार राहू दे म्हणणाऱ्यांमध्ये तो पहिला होता. त्याच्या मागोमाग हात वर होत गेले. डर्कचाही झाला, जरा उशिरा.

लोक पांगायला लागले तेव्हा क्लेम हेस्टरपाशी आला. तिला वाटलं, आता काहीतरी बोलेल, आणि ऐकायला तिची छाती होईना.

"डर्कने त्याचा खांब वाकडा ठोकलाय," क्लेम म्हणाला. "वाकड्या खांबावर काय वाचणार? उद्या वारा पडला की मला तिकडे घेऊन चल. हातोडा माझ्याकडे आहे."